सोनुबाईची बसकी जीप

लडकूच्या जीपची अख्ख्या कर्जतात थट्टा चालली होती, आणि थट्टा करणाऱ्यांचं काही चुकत होतं असंही नाही. जगातले लोक गाडी उंच करून घेतात. वाटेत ओढे आहेत, धोंडे आहेत, गाडीचं पोट आपटू नये म्हणून चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानीला एखादा पाटा जास्तच घालतात. आणि या शहाण्यानं मागच्या दोन्ही कमानींचे दोन-दोन पाटे काढून टाकले आणि चांगली उभी असलेली जीप खाली बसवली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यानं मागच्या बाजूला रुंद चाकं आणून लावली. आता ती जीप पुढून जीप आणि मागून पाणघोडा दिसायची.

"काय रं लडकू," स्टेशनाबाहेरचे टांगेवाले विचारायचे, "तुजी जीप अंडी उबवाय बसली का?"

"बसली हाय. पिल्लं झाली की एक तुला देतो," म्हणून लडकू पुढं जायचा. राग त्याला यायचा, पण तो दाखवायचा नाही. कारण ही उलटी अक्कल कशासाठी चालवली होती ते त्याला ठाऊक होतं. ती आत्यासाठी होती.

कडावची सोनुबाई ही लडकूची सख्खी आत्या, आणि या भागातली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडं लग्नाला भटजीही येतो, मंगलाष्टकंही होतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच्या आधी घाणा भरायचा असतो. दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधायची आणि उखळात नवरीची हळद कुटायची. ती मुसळं हलायची धवलारणीनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, लावल्यावरच. ती एक ओळ म्हणणार, तिच्या साथीच्या बायका तीच ओळ मागून म्हणत झील उचलणार, आणि मग मांडवाला मांडवपण येणार. सोनुबाईनं तीस वर्षं हे काम केलं होतं. कडावपासून खालापूरपर्यंत निम्म्या संसारांना तिच्या आवाजानं सुरुवात झाली होती, लडकूच्या संसारालाही.

अंगानं ती दांडगी, जिभेनं त्याहून दांडगी. पण गुडघ्यांनी दगा दिला. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बैलगाडीतून उतरताना कुणीतरी पायाखाली पाट ठेवला, पाट सरकला, आणि सोनुबाई धाडकन खाली आली. चार बाप्यांनी तिला उचलून मांडवात नेली. लोक हसले. कुणी वाईट मनानं हसलं नाही, पण हसले. त्या दिवशी तिनं धवला म्हटला आणि घरी येऊन सांगून टाकलं, "झालं माजं. धवलारीण मांडवात आपल्या पायानं जाते. मला पोत्यासारकं उतरवून घ्यायचं नाय."

तेव्हापासून ती कुठल्याच लग्नाला गेली नव्हती. लोक बोलवायला येत, ती चहा पाजून परत पाठवत असे. पण घरातली माणसं सांगत की दुपारी एकटी असली की ती भिंतीकडं तोंड करून हळूच गुणगुणते.

आणि आता मैनाचं लग्न निघालं होतं. मैना म्हणजे सोनुबाईच्या लेकीची लेक. दहा वर्षांची होईपर्यंत आजीच्याच कुशीत वाढलेली. नदीपलीकडच्या आंबेवाडीत, खालापूरच्या अंगाला, बापाच्या दारात मांडव पडणार होता. मैनानं निरोप धाडला होता, "आजीनं धवला लावला तर हळद लागेल. नायतर मी कोरडीच उभी राहीन." पोरगी आजीवरच गेली होती, जे बोलेल ते करणारी.

"तिला सांग, आजीला यायचं लई मनात हाय," सोनुबाई लडकूला म्हणाली होती, आणि एवढं बोलून तिचे डोळे भरले होते. लडकूनं आत्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला ते सोसेना.

"आत्या, मी तुला नेतो. तुज्या पायानं चढशील आन तुज्या पायानंच उतरशील. पाट नाय, बापे नाय. माजा शब्द हाय."

म्हणून जीप खाली बसली, कारण जीपची मागची पायरी आत्याच्या गुडघ्यापेक्षा उंच होती. आणि म्हणूनच चाकं रुंद झाली, कारण आंबेवाडीला जायचं तर नदीच्या कोरड्या पात्रातून जावं लागतं आणि तिथल्या वाळूत बारीक चाकं रुततात. जीप रुतली की आत्याला खाली उतरवावं लागणार, आणि मग शब्द कसला राहिला?

हे सगळं काम विठूमिस्त्रीनं केलं. कर्जतातला जुना माणूस, हात सोन्याचा, पण स्वतःवर भारी खूश. चाकं बसवल्यावर लडकूनं वाकून पाहिलं तर टायर आणि वरच्या पत्र्यात जेमतेम पाच-सहा बोटं फट.

"मिस्त्री, घासणार नाय ना?"

"घासंल कसं? वजन घालून बघू की!" विठूमिस्त्रीनं भाताची सहा पोती मागवली, जीपच्या मधोमध नीट रचली आणि स्टेशनापासून नाक्यापर्यंत दोन फेऱ्या मारून आला. "ऐक, आवाज येतो का? बिलकूल नाय. सहा पोती म्हणजे किती बायका झाल्या, तूच हिशोब कर."

हिशोब बरोबर होता. चूक एवढीच की पोती मधोमध बसतात आणि पोती गात नाहीत.

हळदीच्या दिवशी सकाळी लडकू कडावला पोचला. आधी लग्नघरची तांदळाची दोन पोती चढवली. मग जना, गौराबाई आणि चिंधी या साथीच्या तिघी चढल्या. जीप त्या वजनानं आणखी खाली बसली आणि पायरी सोनुबाईच्या बेतात आली. सोनुबाईनं पायरीकडं पाहिलं, लडकूकडं पाहिलं, दांडा धरला आणि एक पाय टाकला. मग दुसरा. झालं. चढली.

"चढले गं!" ती आतून ओरडली, आणि तिघी टाळ्या पिटायला लागल्या. लडकूला वाटलं, सगळ्या टांगेवाल्यांना इथं आणून उभं करावं.

सोनुबाईनं आपली दोन मुसळं बरोबर घेतली होती. तिच्या सासूच्या हातची, खैराच्या लाकडाची, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. नातीची हळद दुसऱ्या कुणाच्या मुसळानं कुटली जाणार नव्हती. ती मुसळं डाव्या बाकावर ठेवली आणि चौघी उजव्या बाकावर ओळीनं बसल्या. सोनुबाई सगळ्यात पुढं, ड्रायव्हरच्या पाठीशी, मग बाकीच्या तिघी मागच्या दारापर्यंत.

कर्जत मागं पडलं, पळसदरीची वळणं सुरू झाली आणि सोनुबाईनं गळा साफ केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं धवला लावला. आवाज आधी जरा अडखळला, मग मोकळा झाला आणि जीपभर झाला. तिघींनी झील उचलली. गाता गाता चौघी डुलायला लागल्या, एकदम, पुढं झुकून, परत मागं रेलून. लडकूच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या हळदीला ऐकलेला हाच आवाज होता.

आणि तेवढ्यात दुसरा आवाज आला. घर्र. मग पुन्हा. घर्र.

सोनुबाई थांबली. "कोण गं ते बेसूर? जने, घसा बसला का तुजा?"

"मी नाय बाई!"

पुन्हा धवला सुरू झाला. पुन्हा घर्र. डाव्या वळणाला तर चांगलं लांबलचक घर्रर्र झालं आणि मागून रबर जळल्याचा वास आला. लडकूनं एका आंब्याच्या सावलीत जीप उभी केली आणि खाली उतरला. उजव्या टायरच्या कडेवर बोट बुडेल एवढी चर पडली होती. हात लावला तर टायर तापलेलं.

"काय झालं रं?" आत्याचा प्रश्न आला.

"काय नाय. जरा बघतो," लडकू म्हणाला, पण त्याला घाम फुटला होता. स्टेपनी जुन्या मापाची होती, बारीक. ती लावली असती तर खोपोलीपर्यंत मजेत गेले असते आणि नदीच्या वाळूत जाऊन रुतले असते. तसंच पुढं जावं तर टायर फुटणार. माघारी जावं तर हळदीची वेळ टळणार. दुपारच्या आत घाणा भरायचा होता, आणि मैना कोरडी उभी राहणार म्हणाली होती.

विठूमिस्त्रीला त्यानं मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि आत डोकावला. "आत्या, दोघी जरा डाव्या बाकावर बसता का? वजन एकाच बाजूला पडतंय."

"ओळ मोडायची?" सोनुबाईनं डोळे वटारले. "एक म्हणते ते दुसरीच्या कानात जावं लागतं, मग ती उचलते. समोरासमोर बसून धवला होत नाय. तुला एवढंबी ठाऊक नाय?"

"मग निदान डुलू तरी नका."

त्यांनी तेही करून पाहिलं. जीप हळूहळू पुढं निघाली, चौघी ताठ बसल्या, हात मांडीवर, मान सरळ, आणि सोनुबाईनं ओळ म्हटली. इतका मेलेला धवला कुणी ऐकला नसेल. तिसऱ्या ओळीला चिंधी फिस्सकन हसली, गौराबाईनं तिच्या पाठीत धपका घातला, आणि मग चौघी इतक्या हसल्या की जीप गदागदा हलली. घर्र, घर्र, घर्र!

"थांबव रं!" सोनुबाई डोळे पुसत म्हणाली. "आता मी सांगते ते ऐक. मघापासून मी कान देऊन हाय. उजव्या वळणाला आवाज नाय. डाव्या वळणाला हाय. सरळ रस्त्याला आमी मागं, उजव्या अंगाला रेललो की हाय, पुढं झुकलो की नाय. म्हणजे चाक बिघडलेलं नाय. वरचं कायतरी खाली येऊन त्याला टोचतंय. तू वर बघ."

लडकू उतरला, आडवा झाला आणि चाकाच्या वर हात घातला. खोपोलीच्या पत्रेवाल्यानं जीपची मागची बॉडी बांधताना चाकावरच्या पत्र्याची कड आत दुमडली होती, अंगुळभर, सुरीसारखी. दुमडीवर घासून घासून चकाकी आली होती. आत्यानं न बघता जे सांगितलं ते तंतोतंत खरं होतं.

"आत्या, दुमड हाय आत! ती वर दाबली की झालं. पण हातोडी नाय माज्याकडं."

"हातोडीनं पत्रा फाटंल," जना म्हणाली. तिचा नवरा टिनाचे डबे जोडायचा, तिला कळत होतं. "तो लाटून दाबायला पायजे. पोळी लाटतात तसा."

लाटायला काय आहे? लडकूनं इकडं तिकडं पाहिलं. झाडाची फांदी मोडली असती. जॅकचा दांडा आखूड. आणि मग त्याची नजर डाव्या बाकावर गेली. लुगड्यात गुंडाळलेलं खैराचं मुसळ. लोखंडाला न ऐकणारं लाकूड. मधे मुठीच्या जागी बारीक, दोन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं.

त्याला बोलायचा धीर होईना. हळदीचं मुसळ चाकाला लावायचं? पण त्याच्या तोंडाकडं बघून आत्याला कळलं.

तिनं गुंडाळलेल्या मुसळांवरून एकदा हात फिरवला. मग लुगडं सोडून तिनं एक मुसळ बाहेर काढलं. "घे. माज्या सासूनं यानं निम्म्या तालुक्याची हळद कुटली. आता एकदा पत्रा कुटू दे."

लडकूनं जॅक लावून बॉडी जरा उचलली, मुसळाचा बारीक भाग टायर आणि दुमडीच्या मधे सारला आणि जॅक उतरवला. सगळं वजन मुसळावर आलं. पण जीप पुढं-मागं हलली तरच मुसळ फिरणार होतं.

"उतरू का मी?" सोनुबाईनं विचारलं.

"नको नको! तू बस. तुजं वजन पायजे मला."

"ऐकलंत का गं!" सोनुबाई तिघींना म्हणाली. "सगळ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी असं बोललं!"

ती डोलत उजव्या बाकावर मागं सरकून चाकाच्या बरोबर वर बसली. जना, गौराबाई आणि चिंधीनं पदर खोचले आणि जीपला खांदे लावले. भाताचे भारे वाहिलेले खांदे ते, जीप काय त्यांना जड? लडकू चाकाशी बसून मुसळाचं टोक धरून होता. पण तिघींचं ढकलणं एका वेळी होईना. एक जोर लावी तेव्हा दुसरी दम घेई. मग वरून सोनुबाईनं तिथल्या तिथं ओळ जुळवली:

"सर गं गाडीबाई, चार बोटं सर,
माज्या मैनेच्या दारी मांडव हिरवागार!"

'सर'वर तिघींनी जोर लावला. जीप वीतभर पुढं गेली, मुसळ गरकन फिरलं आणि पत्रा कुरकुरत वर वळला. पुढच्या 'सर'ला वीतभर मागं. पुन्हा पुढं. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबला, बघत राहिला, आणि काही न विचारता त्यानंही खांदा लावला. लडकूच्या हाताला मुसळावरची दुमड सपाट होत जाताना कळत होती. त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःही झील उचलायला लागला.

"बाप्यानं नाय उचलायची!" चिंधी ओरडली.

"आज चालतंय!" सोनुबाई वरून म्हणाली.

मग डावी बाजूही तशीच लाटून घेतली, उगाच पुढं धोका नको. मुसळ बाहेर काढलं तर त्यावर टायरचा काळा पट्टा उठला होता. पुसून जाईना. जनानं गालावर हात ठेवला. "अगं बाई, आता हे घाण्याला चालंल?"

"का नाय चालणार?" सोनुबाई म्हणाली. "नातीच्या हळदीला वाट करून दिली त्यानं. आणखी काय सोवळं पायजे?"

तिथून आंबेवाडीपर्यंत चौघी ओळीनं बसून मनसोक्त डुलल्या. पळसदरीची उरलेली वळणं गेली, खोपोली गेली, खालापूर गेलं. चाकानं चकार शब्द काढला नाही. नदीच्या वाळूत रुंद चाकं अशी चालली की लडकूनं मुद्दाम एक वळसा जास्तीचा घेतला.

मांडवात वाजंत्री वाजत होती. जीप दिसताच माणसं धावली. तिघी टणाटणा खाली उड्या मारून उतरल्या, बाप्यांनी पोती उतरवली. सोनुबाई सगळ्यांच्या शेवटी दांडा धरून दाराशी आली, एक पाय खाली सोडला, आणि तिचं तोंड उतरलं.

पाय जमिनीला लागेना. वजन उतरलं तशी जीप वर आली होती. चार बोटं, फार तर पाच. पण ती चार बोटं सोनुबाईला विहिरीएवढी वाटली असणार. तिनं पाय वर घेतला. समोर सगळी आंबेवाडी उभी होती. कुणीतरी भला माणूस पाट घेऊन पुढं आला. दोघांनी हात पसरले.

"हात लावू नका!" सोनुबाई म्हणाली. "लडकू..."

लडकूला आपला शब्द आठवला. एवढ्या वाटेनं आणून चार बोटांसाठी? तो वाकला आणि चाकाकडं पाहिलं, लाटून सपाट झालेल्या पत्र्याकडं पाहिलं, आणि एकदम सरळ झाला.

"चढा!" तो ओरडला. "चढा रं सगळे! जीपवर चढा!"

कुणाला काही कळेना. कळलं ते एकटीला. मांडवातून मैना धावत आली. नवरीनं हळदीआधी मांडवाबाहेर पडायचं नसतं, बायका मागून हाका मारत राहिल्या, पण ती थेट पुढून चढून आत आली आणि आजीच्या पाठीशी उभी राहिली. "या ना सगळे!" तिनं हाक दिली. "माज्या आजीला उतरायचं हाय!"

मग काय विचारता! मैनाचा बाप चढला. काका चढले. वाजंत्रीवाला ढोलासकट चढला. पाट घेऊन आलेला पाटासकट चढला. बाकांवर, टपावर, पुढच्या मडगार्डवर, मिळेल तिथं माणसं लटकली. वीस झाली, बावीस झाली. जीप कुरकुरत खाली बसत गेली, बसत गेली, आणि पायरी जमिनीपाशी आली.

सोनुबाईनं पाय सोडला. पाऊल जमिनीवर टेकलं. मग दुसरं टेकलं. ती उभी राहिली, आपल्या पायांवर, कुणाचा हात न धरता. मागून मैना उतरली, तिनं फक्त मुसळं घेतली. सोनुबाईनं पदर सावरला आणि मांडवाकडं चालत चालत धवला लावला.

ओळ संपली तशी जना, गौराबाई, चिंधीनं झील उचलली. पण त्यांच्याआधी जीपनं उचलली. कुणी उतरलंच नव्हतं. बावीस माणसं जिथं होती तिथूनच गात होती आणि गाता गाता डुलत होती, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. लडकू घाईनं चाकापाशी बसला आणि टायरजवळ कान नेला. फट जेमतेम केसाएवढी उरली होती. चाक गप्प होतं.

तिकडं उखळात काळ्या पट्ट्याचं मुसळ पडायला लागलं आणि थोड्याच वेळात हळदीच्या हातांनी तो पट्टा पिवळा झाला. लडकू चाकापाशीच बसून राहिला. त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला ते पुसायचेही नव्हते.